यवतमाळच्या वकिलाने मागितलेलं कलम

पुसदला आषाढ लागलाय. तारीख १० जुलै १९३०. काळी माती जोड्याला चिकटून एकेक पाऊल जड होत जातं आणि तुम्ही गर्दीबरोबर गावाबाहेरच्या राखीव जंगलाकडे चालत राहता. पुढे विळा घेतलेले माधव श्रीहरी अणे आहेत. जन्म वणीचा, वकिली यवतमाळची, आणि लोकांसाठी नुसते बापूजी. वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ उचलायचं कुठून? म्हणून इथल्या माणसांनी जंगल निवडलंय. आजा-पणजाने ज्या रानात गुरं चारली, तिथलं गवत परवान्याशिवाय कापलं की गुन्हा. बापूजी वाकतात, मूठभर गवत कापतात. पोलीस पुढे होतात. आणखी अकरा दिवसांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनाही याच कृतीसाठी अटक होणार आहे.

इथे माणसं अटक करून घ्यायलाच आली आहेत, त्यामुळे कुणाच्या चेहऱ्यावर भीती नाही. भीती बघायची तर रात्र पडू द्या. गर्दी पांगल्यावर एका कुडाच्या घराच्या ओसरीला टेका. कंदील घेऊन जमादार येतो, मागे दोन शिपाई. दार ठोठावणं नाही, हाक नाही. आत मडकी हलवल्याचा आवाज, एका पेटीचं कुलूप तोडल्याचा आवाज. धान्याची कणगी उपडी होते. मग बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा दंडाला धरून बाहेर आणला जातो आणि मागोमाग त्याची आई.

"साहेब, पोराले काऊन नेता जी?"

"ठाण्यात समजंल."

तुम्ही आजच्या काळातून आलेले आहात. तुमच्या जिभेवर प्रश्न येतो: वॉरंट कुठे आहे? पंच कुठे आहेत? पण तुमचा आवाज त्या ओसरीवर पोचत नाही.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. त्या जमादाराकडे नियमांचं पुस्तक नव्हतं असं नाही. १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता होती. अटक केलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय चोवीस तासांहून जास्त ठेवू नये, हे तिच्यात होतं. घराची झडती घ्यायची तर त्या वस्तीतली दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून हवीत, हेही होतं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा नियम तर १८६१पासून होता आणि १८७२च्या पुरावा कायद्यात कायम झाला, कारण मार देऊन कबुल्या काढल्या जातात हे इंग्रज सरकारलाच मान्य करावं लागलं होतं. नियम होते, पण ते सरकारने दिलेले होते आणि सरकारला नको झाले की बाजूला करता येत होते. १९४३ साली केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतला स्थानबद्धतेचा नियमच बेकायदा ठरवला, तेव्हा सरकारने कैदी सोडले नाहीत. वटहुकूम काढून नियम दुरुस्त केला. कोर्ट जिंकलं, माणसं आतच राहिली.

म्हणून आता दिल्लीला चला.

३ डिसेंबर १९४८, शुक्रवार. घटना समितीचं सभागृह, प्रेक्षकांची गॅलरी. खाली मसुद्यातल्या अनुच्छेद १४ वर चर्चा चालू आहे; आजच्या घटनेत तो विसावा आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, हा त्याचा गाभा. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी आहेत. खालच्या बाकांवरचे कितीतरी लोक स्वतः तुरुंग पाहून आलेले आहेत, आपल्या घरांच्या झडत्या त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

एक गृहस्थ उठतात. मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी, यवतमाळचे वकील काझी सय्यद करीमुद्दीन. जरा पुढे सरकून ऐका, कारण हा आवाज आपल्या जिल्ह्याचा आहे आणि आपल्याच जिल्ह्याला तो फारसा आठवत नाही. ते या अनुच्छेदात आणखी एक कलम घालायची दुरुस्ती मांडतात. माणसाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागदपत्र आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये. वॉरंट निघायचं तर त्यामागे सबळ कारण हवं आणि ते शपथेवर सांगितलेलं हवं. कोणती जागा तपासायची, कुणाला धरायचं, काय जप्त करायचं, हे त्या वॉरंटमध्ये नेमकं लिहिलेलं हवं.

शब्द अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे आहेत. तिथल्या वसाहतीत इंग्रज अधिकारी कोणत्याही घरात शिरण्याची सरसकट परवानगी खिशात घेऊन फिरत, त्या अनुभवातून ती १७९१ साली आली. करीमुद्दीन सभागृहाला आणखी एक आठवण देतात: हेच कलम डॉ. आंबेडकरांनी स्वतः आपल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७च्या निवेदनात मूलभूत हक्कांच्या यादीत लिहिलेलं आहे.

आंबेडकर उत्तराला उभे राहतात. तुमचा अंदाज असा असेल की मसुदा समितीचे अध्यक्ष ही दुरुस्ती नम्रपणे बाजूला सारतील. तसं होत नाही. ते म्हणतात की तरतूद उपयुक्त आहे. तिच्यात नवीन काही नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेत हे सगळं आहेच. पण उद्याचं एखादं विधिमंडळ ते रद्द करू शकतं, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ही तरतूद इतकी महत्त्वाची आहे की ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणं इष्ट होईल. म्हणून ते ही दुरुस्ती स्वीकारायला तयार आहेत.

क्षणभर थांबा आणि काय घडतंय ते नीट बघा. पुसदच्या त्या ओसरीवर जे नव्हतं ते इथे येऊ घातलंय. नियम तेच, शब्दही जवळजवळ तेच, पण ते सरकारच्या हातून काढून घटनेच्या हाती जाणार. यवतमाळच्या वकिलाने मागितलं, महूला जन्मलेल्या बॅरिस्टरने होकार दिला. आता फक्त हात वर व्हायचे आहेत.

हात वर होताना गोंधळ उडतो. काय स्वीकारलं जातंय याची सगळ्यांना खात्री नाही, सभागृहात चुळबुळ वाढते, मतदान पुढे ढकलावं अशी सूचना येते आणि ते ढकललं जातं. पुन्हा मतदानाला येते तेव्हा करीमुद्दीन यांची दुरुस्ती फेटाळली जाते. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी जाहीर होकार दिलेली दुरुस्ती पडते.

त्याच आठवड्याभरात करीमुद्दीन दुसरा प्रयत्न करतात. मसुद्यातला अनुच्छेद १५, आजचा एकविसावा, सांगतो की कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कुणाचंही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. करीमुद्दीन यांचं म्हणणं असं की एवढ्याने भागत नाही. संसदेने वाईट पद्धत घालून दिली तर? कोर्टाला कायद्याचा न्याय्यपणाही तपासता आला पाहिजे, म्हणून अमेरिकेतल्या 'ड्यू प्रोसेस'चे शब्द घाला. पण घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते आणि ते शब्द तिथे डोकेदुखी ठरल्याचं ऐकून आले होते. १३ डिसेंबरला आंबेडकर दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडतात आणि निर्णय सभागृहावर सोडतात. सभागृह करीमुद्दीन यांच्या बाजूने जात नाही.

माझं मत विचाराल तर त्या डिसेंबरमध्ये आपण एक भिंत बांधायची सोडून दिली. विटा तिथेच पडल्या होत्या.

पुढचा थांबा त्याच सभागृहात, १५ सप्टेंबर १९४९. आंबेडकर नवा अनुच्छेद १५-अ मांडतात. डिसेंबरच्या निर्णयाने लोक नाराज आहेत हे ते उघड मान्य करतात आणि त्याची काही भरपाई म्हणून हा अनुच्छेद आणल्याचं सांगतात. अटकेचं कारण अटक झालेल्याला सांगितलंच पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलंच पाहिजे. १८९८च्या पुस्तकातला चोवीस तासांचा नियम आता मूलभूत हक्क होतो. हाच आजचा बाविसावा अनुच्छेद. मात्र त्याच अनुच्छेदाच्या पुढच्या पोटकलमांत प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाट आहे: ज्याला गुन्ह्याआधीच स्थानबद्ध केलं, त्याला यातलं चोवीस तासांचं आणि वकिलाचं संरक्षण नाही. ज्या पानावर हक्क, त्याच पानावर त्यातून निसटण्याची सोय. आणि झडतीबद्दल बाविसाव्यात एक अक्षर नाही.

आता विदर्भात परत या. यवतमाळ सध्या मध्य प्रदेश राज्यात आहे. ३१ ऑगस्ट १९५२. आज गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. १८७१ साली सुरू झालेल्या या कायद्याने पारध्यांसह कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं: हजेरी, परवाना, गाव सोडायचं तर परवानगी. भटके-विमुक्त समाज हा दिवस अजून विमुक्त दिन म्हणून पाळतात. गावाबाहेर पारध्यांच्या बेड्यावर बसा. चोरी दहा कोसांवर झाली तरी पहिली गाडी कुठे वळणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कायदा गेला, पण संशय गेला नाही. पुढे अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांच्या नावाने नवे कायदे आले. घटनेच्या सगळ्या पानांची परीक्षा अशा बेड्यावर होते, मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात नाही.

इथून पुढची काही वर्षं वेगाने ओलांडू. १९५४: एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे आठ न्यायाधीश झडतीविषयी निकाल देतात. घटनाकारांनी अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क दिलेलाच नाही, मग आम्ही तो ओढूनताणून कसा आणायचा, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे १९४८मध्ये जे सभागृहात पडलं, ते आता नागरिकाविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहतं. १९६१: काठी कालू ओघड प्रकरणी अकरा न्यायाधीश सांगतात की बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. १९६२: खडकसिंग प्रकरणी रात्री-बेरात्री घरी जाऊन 'हजर आहे का' पाहण्याचा पोलिसांचा अधिकार रद्द होतो, पण खासगीपणाचा हक्क मात्र न्यायालय मानत नाही.

१९७३ला मात्र थांबावं लागेल. पूरनमल प्रकरणात पाच न्यायाधीशांसमोर साधा सरळ प्रश्न आहे: झडतीच बेकायदा असेल, तर त्या झडतीत सापडलेला कागद पुरावा म्हणून चालेल का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मॅप खटल्यात 'चालणार नाही' असं राज्यांच्या पोलिसांनाही बजावलं होतं. आपलं न्यायालय म्हणतं, चालेल. पुरावा मुद्द्याशी संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरून तो बाद होत नाही. या निकालाचा अर्थ ठाण्याच्या भाषेत बघा. पंच न घेता, कारण न नोंदवता, दार तोडून आत शिरलात आणि काही सापडलं, तर ते सापडलेलं तुमचंच. अधिकाऱ्यावर कारवाई होऊ शकते, नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. पण खटल्यात फायदा पोलिसांचा. ज्या नियमाच्या भंगाने केस पडत नाही, तो नियम रात्री दोन वाजता कोण पाळणार? घटनेत कलम नसलं तर काय होतं, ते इथे दिसतं.

आता एक वाईट रात्र. वर्धा नदी ओलांडून तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात या, देसाईगंजचं पोलीस ठाणं, २६ मार्च १९७२. एका तक्रारीत जबाब द्यायला आलेली एक आदिवासी मुलगी. बाकीच्यांना जायला सांगितलं जातं, तिला थांबवलं जातं, आणि ठाण्यातले दोन पोलीस तिच्यावर अत्याचार करतात असा आरोप होतो. नागपूर खंडपीठ दोघांना दोषी धरतं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालय सोडून देतं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून विचारलं की ठाण्याच्या भिंतींच्या आत, पोलिसांसमोर, एका गरीब मुलीच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येईल का. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलवू नये, तिच्या राहत्या घरीच विचारावं, सूर्यास्तानंतर तिला अपवादानेच आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीनेच अटक करावी, हे आजचे नियम वाचताना देसाईगंजची ती खोली डोळ्यांसमोर ठेवा.

चौकशीच्या बाबतीत त्याच वर्षी, १९७८ला, एक खिडकी उघडली. नंदिनी सत्पथी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने सांगितलं की गप्प राहण्याचा हक्क कोर्टात उभं राहिल्यावर सुरू होत नाही. तो ठाण्यातल्या पहिल्या प्रश्नापासून असतो. २०१०च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग बंद केलं. मधे १९९६चा डी. के. बसू निकाल: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. या सूचना प्रत्येक ठाण्यात फलकावर लावाव्यात असा आदेश होता. जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्यात गेलात तर तो फलक शोधा, आणि लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी आहे का ते बघा.

२४ ऑगस्ट २०१७. दिल्ली, सर्वोच्च न्यायालय, नऊ न्यायाधीश. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निकाल येतो आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरतो. एम. पी. शर्मा आणि खडकसिंगमधली विरुद्ध विधानं खोडली जातात. निकालपत्राची पानं उलटताना तुम्हाला एक ओळखीचं नाव भेटतं: काझी सय्यद करीमुद्दीन. सरकारचा युक्तिवाद होता की घटना समितीने हा हक्क नाकारलेलाच आहे, म्हणून ३ डिसेंबर १९४८चं ते सभागृह न्यायालयाने पुन्हा उभं केलं आणि एका दुरुस्तीच्या पडण्यातून एवढा मोठा निष्कर्ष काढायला नकार दिला. यवतमाळच्या वकिलाचं म्हणणं एकोणसत्तर वर्षांनी बऱ्याच अंशी मान्य झालं.

एक वर्ष आणि चार दिवस पुढे जा. २८ ऑगस्ट २०१८, गोव्यात साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा परिसर. प्राध्यापक आनंद तेलतुंबडे आणि त्यांच्या पत्नी रमा घरी नाहीत, मुंबईत आहेत. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी त्या दिवशी देशभर छापे घातले, त्यांतलं एक पथक इथे आलंय. तेलतुंबडे यांनी पुढे जाहीर सांगितल्याप्रमाणे सुरक्षारक्षकाकडून दुसरी चावी घेऊन घर उघडलं गेलं. तेलतुंबडे वणी तालुक्यातल्या राजूरचे, कोळशाच्या खाणींच्या गावचे, बापूजी अण्यांच्या वणीपासून हाकेच्या अंतरावरचे. आणि रमाताई डॉ. आंबेडकरांची नात. ज्यांनी झडतीविरुद्धचं कलम स्वीकारायची तयारी दाखवली होती, त्यांच्याच नातीचं हे घर.

पुढचं वर्ष, २ फेब्रुवारी २०१९. पहाट, मुंबई विमानतळ. सर्वोच्च न्यायालयाने जामिनासाठी दाद मागायला तेलतुंबडे यांना चार आठवड्यांचं संरक्षण दिलं आहे आणि ती मुदत संपलेली नाही. तरी पुणे पोलीस त्यांना अटक करतात. त्याच दिवशी पुण्याचं विशेष न्यायालय ती अटक बेकायदा ठरवून त्यांना सोडतं. हा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं, या एका अटीमुळे चूक त्याच संध्याकाळी पकडली गेली. पुढे संरक्षण संपलं. १४ एप्रिल २०२०ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, ते राष्ट्रीय तपास संस्थेसमोर हजर झाले. १८ नोव्हेंबर २०२२ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. दहशतवादी कृत्याचे गंभीर आरोप प्रथमदर्शनी दिसत नाहीत असं म्हटलं. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ते बाहेर आले. आरोपांचा निवाडा खटल्यातच होईल आणि तो तिथेच व्हावा. पण जामिनाआधी आत गेलेली अडीच वर्षं कुठल्याही निवाड्यात परत मिळत नाहीत.

आता आजच्या यवतमाळात या. १ जुलै २०२४पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं केलं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. पुसदच्या ओसरीवर तोडलेल्या त्या पेटीचं आज चित्रीकरण व्हायला हवं, पंचांच्या सह्या होतानाचंही. हे पाऊल चांगलं आहे, मनापासून सांगतो. पण चित्रीकरण केलंच नाही तर पुरावा आपोआप बाद, असं त्या कलमात म्हटलेलं नाही. पूरनमल अजून उभा आहे.

झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावरून कुणाला तरी 'उचललं' आहे, असं धरा. तुम्ही त्याच्याबरोबर ठाण्यात बसला आहात. ठाणेदार म्हणतात, "अटक कुठे केली? चौकशीला बसवून ठेवलंय." हे 'बसवून ठेवणं' ओळखा. सकाळी आठला आणायचं, रात्री अकराला अटक दाखवायची आणि घड्याळ अकरापासून मोजायचं. मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू होते, ठाण्याच्या नोंदीपासून नाही. म्हणून आणल्याची वेळ लिहून ठेवा, कुणाला तरी मोबाइलवर कळवा.

मग कारणाचा प्रश्न. त्या कोलाम माणसाला घरची भाषा कोलामी, बाजारात मोडकीतोडकी मराठी, थोडी तेलुगू. त्याच्यासमोर ठेवलेल्या कागदावर कलमांचे आकडे आहेत. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ६ नोव्हेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. नाहीतर अटक आणि रिमांड बेकायदा. त्या खंडपीठातले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई शेजारच्या अमरावतीचे. खटला मुंबईतल्या एका मोटार अपघाताचा होता, पण त्याची खरी गरज पोडावर, तांड्यावर आणि बेड्यावर आहे. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्यासाठी कारणांचे कागद तयार ठेवणं, दुभाषी नेमणं हे जिल्हा पोलीस आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आजच्या आज करता येण्यासारखं काम आहे. त्याला नवा कायदा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात 'पीसीआर', म्हणजे पोलीस कोठडी, मागितला जातो. हा क्षण हातचा घालवू नका. दंडाधिकारी विचारतात: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" बहुतेक माणसं मान हलवतात, कारण ज्यांच्याबद्दल तक्रार ते मागेच उभे असतात. त्या प्रश्नासाठी बाविसावा अनुच्छेद लिहिला गेला. मार लागला असेल तर तेव्हाच सांगा. कारणांचा कागद मिळाला नसेल तर तेव्हाच सांगा. वकील परवडत नसेल तर तसं सांगा. सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे.

झडतीपासून संरक्षण देणारं स्वतंत्र कलम आजही आपल्या घटनेत नाही. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाद ठरवणारा नियम आपल्या पुरावा कायद्यातही नाही; २०२३मध्ये तो कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हाही ही जागा रिकामीच राहिली. ती भरायला घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही, साध्या बहुमताने केलेला कायदाही पुरतो. यवतमाळमधून लोकसभेत जाणाऱ्या प्रत्येकाला हे काम सांगा. मत मागायला दारात आले की ३ डिसेंबर १९४८ला यवतमाळच्याच एका वकिलाने काय मागितलं होतं, ते त्यांना विचारा.